रोबोचा हात आणि बत्तीस पिनांचा प्लग

विज्ञान प्रदर्शनाला गेलो की सिरिंजांचा ‘रोबो’ हमखास भेटतो. पुठ्ठ्याचा हात, सलाइनच्या नळ्या, रंगीत पाणी. मुले दट्ट्या दाबतात, हात वाकतो, खडू उचलतो. पास्कलचा नियम समजावायला हे मॉडेल चांगलेच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या तक्त्याबद्दल. ‘यंत्रमानव कारखान्यात माणसाऐवजी काम करतो, तो थकत नाही, चुकत नाही’ असे त्यावर लिहिलेले असते. हेच वाक्य थोड्याफार फरकाने मुलांसाठीच्या पुस्तकांतही आम्ही वाचले आहे. न थकणे समजू शकते. पण न चुकणे कोठून आले?

एक साधे उदाहरण घेऊ. बादलीचे झाकण इंजेक्शन मोल्डिंग यंत्रावर बनते. हॉपरमधला प्लास्टिकचा दाणा तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो. पॉलिप्रॉपिलीन असेल तर साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला. स्क्रू पुढे सरकून हा रस दोन भागांच्या साच्यात दाबतो. दाबामुळे साचा उघडू नये म्हणून यंत्र तो शंभर टन, काही वेळा त्याच्या कितीतरी पट जोराने मिटून धरते. रस गार झाला की साचा उघडतो, इजेक्टर पुढे येऊन झाकण सोडवतात. छोट्या वस्तू खाली पडू दिल्या तरी चालते. ज्यांवर ओरखडा चालत नाही त्या उचलून घ्याव्या लागतात. ते काम एकतर ऑपरेटर सेफ्टी डोअर सरकवून करतो, नाहीतर वरून उतरणारा रोबो. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला रोबोचा हात त्या जबड्यात जातो आणि बाहेर येतो.

औद्योगिक रोबोची सुरुवातही अशाच कामाने झाली, हे तक्त्यांवर क्वचितच असते. जॉर्ज डेव्हॉल यांच्या कल्पनेतून झालेला ‘युनिमेट’ १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय-कास्टिंग यंत्रातून धातूचे तापलेले भाग काढणे हे त्याचे काम. डाय-कास्टिंग म्हणजे मोल्डिंगचे धातूतले भावंडच.

आता प्रश्न असा, की साचा उघडला हे रोबोला कसे कळते? आणि हात बाहेर आला हे यंत्राला? दोन्ही यंत्रे बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. त्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून युरोपातील प्लास्टिक-यंत्र उत्पादकांच्या ‘युरोमॅप’ या संघटनेने प्लगचे आणि त्यातील प्रत्येक पिनेच्या अर्थाचे मानक ठरवले. जुने युरोमॅप १२, बत्तीस पिनांचे; नंतरचे युरोमॅप ६७, पन्नास पिनांचे. यंत्र सांगते : साचा उघडा आहे, इजेक्टर पुढे आले. रोबो सांगतो : साचा मिटायला परवानगी आहे, साच्यातली जागा मोकळी आहे. सगळे ‘हो’ किंवा ‘नाही’ इतक्याच भाषेत.

त्यातली खरी मेख ‘जागा मोकळी आहे’ या संदेशात आहे. हात बाहेर असतानाच संपर्क जुळलेला असतो. हात आत गेला की तो तुटतो, आणि तुटलेला असेपर्यंत साचा मिटत नाही. उलटे का केले नाही? ‘हात आत आहे’ असा संदेश पाठवला असता तर? समजा वायर तुटली. उलट्या पद्धतीत यंत्राला हात बाहेर आहे असे वाटेल आणि ते मिटेल. सुलट्या पद्धतीत वायर तुटणे म्हणजे ‘नाही’, यंत्र थांबते. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर वजनाच्या भाराने तो ‘थांबा’वर जात असे, तीच ही रीत. आमच्या मते रोबोच्या धड्यात शिकवण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते.

तरीही ही रीत पुरी पडत नाही. वायर तुटली तर ठीक, पण संपर्काची दोन टोके ठिणगीने चिकटून बसली तर? मग तो कायम ‘हो’च म्हणत राहील. जुन्या मानकाची उणीव इथेच होती : आणीबाणीच्या थांब्यासाठी एकच मार्ग. युरोमॅप ६७ने तो दुहेरी केला. दोन स्वतंत्र मार्गांची उत्तरे जुळली नाहीत की काहीतरी बिघडले आहे हे कळते. अधिक पिना कशासाठी, याच्या उत्तराचा मोठा भाग हाच.

मानकाच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे माणसाची घाई. रोबो न वापरता यंत्र चालवायचे तर प्लगच्या जागी एक जोडप्लग बसवतात. तो आणीबाणीचे मार्ग आतल्या आत जोडून देतो. ही सोय रीतसर आहे. पण सेफ्टी डोअरचा स्विच वायरच्या तुकड्याने जोडून टाकण्याची बेरकी सोयही याच कल्पनेची. मोह का होतो ते गणिताने पाहू. ३० सेकंदांच्या चक्रात आठ तासांत ९६० झाकणे निघतात. त्यातले २ सेकंद वाचले तर १०२८. अडुसष्ट झाकणे जास्त, आणि पणाला लागतो ऑपरेटरचा हात. भोसरीच्या किंवा वसईच्या शेडमध्ये काम करणारा पालक वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असेलही. त्याला बोलवावे, तो हे आमच्यापेक्षा चांगले सांगेल.

‘माणसाऐवजी’ या शब्दावरही आमचा आक्षेप आहे. जबड्यात हात घालायचे काम रोबोकडे गेले ते बरेच झाले. पण साचा बदलणे, सक्शन कपाने झाकण धरले नाही तर कारण शोधणे, प्लगची तपासणी, हे माणूसच करतो. उचलण्याचे काम ज्याचे गेले त्याला हे शिकवले गेले का, ते तक्ता विचारत नाही.

सिरिंजांचे मॉडेल टाकून देऊ नये. त्याच्या शेजारी एक सेल, एक बल्ब आणि एकसरीत जोडलेले दोन स्विच ठेवावेत : एक पुठ्ठ्याच्या दाराला, दुसरा हाताच्या बाहेरच्या टोकाशी. दोन्ही जुळले तरच बल्ब लागेल, म्हणजे ‘साचा मिटू शकतो’. मग मुलांना एक वायर काढायला सांगावे. आणि शेवटी एका स्विचवर कागदाची टाचणी लावून तो जोडून टाकावा, हात आतच ठेवावा, आणि बल्बकडे पाहायला सांगावे.