दोष कोणाच्या पदरात? सहा पुस्तकांचं एकत्र वाचन

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही सहा पुस्तकं निवडली आहेत. ग्रंथालयात ती सहसा एका फळीवर सापडत नाहीत. इरावती कर्वे यांचं 'युगान्त', गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न', इटलीतल्या बार्बियाना या खेड्यातल्या मुलांनी एका शिक्षिकेला लिहिलेलं पुस्तकभर पत्र, डेल कार्नेगी यांचं मित्र जोडण्याच्या कलेवरचं पुस्तक, व्हिक्टर फ्रँकल यांचं नाझी छळछावण्यांमधल्या अनुभवांवरचं पुस्तक आणि अनिल अवचट यांचं 'मुक्तांगणची गोष्ट'. संस्कृती, शिक्षण, संवाद, मनाचं आरोग्य, असे चार कप्पे त्यांत येतात.

या सगळ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत. काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून माणूस अशी पुस्तकं हातात घेतो. मूल नापास झालेलं असतं, घरात बोलणं बंद झालेलं असतं, मन कशात लागत नसतं. अशा वाचकाला पुस्तक काय सांगतं? झालेल्या बिघाडाचा दोष ते कोणाच्या पदरात घालतं? प्रश्न साधा आहे, पण पुस्तकाची पारख करायला तो फार उपयोगी पडतो.

सुरुवात कार्नेगींपासून करू, कारण सहांपैकी सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक बहुधा हेच. ते १९३६ साली अमेरिकेत निघालं. १९१२ पासून कार्नेगी न्यूयॉर्कमध्ये प्रौढांना भाषणकला शिकवत होते, आणि त्या वर्गांच्या अनुभवातून हे पुस्तक तयार झालं. काळ महामंदीचा होता. नोकरी टिकवायची, माल विकायचा, साहेबाची मर्जी सांभाळायची, ही त्या वाचकाची गरज होती.

पुस्तकाची सुरुवात बघण्यासारखी आहे. पहिल्याच प्रकरणात कुप्रसिद्ध गुन्हेगार येतात. एवढे गुन्हे करूनही ही माणसं स्वतःला निर्दोष समजत होती, असं कार्नेगी दाखवतात आणि त्यावरून निष्कर्ष काढतात की कोणीच स्वतःला दोष देत नाही, म्हणून दुसऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे लिंकन यांचं उदाहरण येतं. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीड यांनी शत्रूला निसटू दिलं, तेव्हा लिंकन यांनी त्यांना कडक पत्र लिहिलं, पण ते पाठवलं नाही. कार्नेगींच्या दृष्टीनं न पाठवलेलं पत्र हेच शहाणपण.

आता हे खोटं आहे का? नाही. रागाच्या भरात पाठवलेल्या संदेशानं काय होतं, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ऐकून घ्या, नाव लक्षात ठेवा, मनापासून कौतुक करा, हे सल्ले चांगलेच आहेत. पण हा सगळा विचार अशा दोन माणसांचा आहे, ज्यांच्यात व्यवहार होऊ शकतो. ज्याच्या हाती काहीच नाही आणि समोरच्याच्या हाती सगळंच आहे, त्यानं काय करायचं? त्यानंही हसून बोलायचं? इथे कार्नेगींचं पुस्तक गप्प बसतं. संबंध बिघडले तर तुमचं बोलणं चुकलं, एवढंच वाचकाच्या हाती उरतं.

म्हणून त्याच्या शेजारी आम्ही बार्बियानाचं पत्र ठेवतो. बार्बियाना हे फ्लोरेन्सच्या उत्तरेला डोंगरातलं लहानसं खेडं. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंची १९५४ मध्ये तिथे रवानगी झाली. त्यांनी शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. सरकारी शाळेतून बाहेर फेकली गेलेली मुलं तिथे शिकत. त्यांतली दोन मुलं शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झाली, आणि आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. मे १९६७ मध्ये ते छापून आलं आणि जूनमध्ये मिलानी वारले.

पत्रात दोन मुलं वारंवार भेटतात. जान्नी गरीब घरचा आणि पिएरिनो डॉक्टरांचा. पिएरिनो शाळेत येतो तो घरून भाषा घेऊन. जान्नीची भाषा शाळेला चूक वाटते. दोघांना एकच प्रश्नपत्रिका देतात आणि त्याला समानता म्हणतात! मुलं नुसता राग काढून थांबत नाहीत, ती तक्ते काढतात. कोणत्या इयत्तेत किती गळाले, गळालेले कोणाचे होते, हे आकड्यांनी मांडतात. इटलीत १९६२ च्या कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण सर्वांना एकाच प्रकारच्या शाळेत मिळायचं होतं. प्रत्यक्षात काय झालं, ते हे तक्ते सांगतात. मग त्यांच्या तीन मागण्या येतात : नापास करू नका, मागे पडणाऱ्यांना पूर्ण दिवस शाळा द्या, आणि ज्यांना आळशी म्हणता त्यांना शिकण्याचा हेतू द्या.

संवाद या विषयाला धरून एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हे पत्र कसं लिहिलं, तेही मुलांनी सांगितलं आहे. प्रत्येकानं सुचेल ते चिठ्ठ्यांवर टिपायचं, चिठ्ठ्यांचे गट लावायचे, एकसारख्या मुद्द्यांना एकत्र करायचं, आणि मग अनावश्यक शब्द काढत जायचं. संवादकौशल्याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही. इथे शब्द नेमका करतात तो समोरच्याला जिंकण्यासाठी नाही. त्याला खोटं ठरवता येऊ नये, म्हणून.

कार्नेगींनी या मुलांना सांगितलं असतं, पत्र पाठवू नका. पाठवलं नसतं तर?

पत्राला मर्यादाही आहेत. ज्या बाईंना ते लिहिलं आहे, त्यांची बाजू त्यात नाही. चाळीस वह्या तपासणाऱ्या, वरून आलेला अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या शिक्षिकेवर सगळ्या व्यवस्थेचा दोष येतो. कधीकधी तो अन्यायाचा वाटतो. वाचताना हे ध्यानात ठेवावं.

हा विषय आपल्याला परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच मांडलं होतं, की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. अलीकडचं बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. 'नापास' हा शब्द परत आला. या वादात बोलणाऱ्या प्रत्येकानं बार्बियानाचं पत्र आधी वाचावं, मग हवं ते मत द्यावं.

'दिवास्वप्न' याच प्रश्नाला शिक्षकाच्या बाजूनं भिडतं. गिजुभाई मुळात वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं, त्याचं एक मूळ भावनगरात आहे.

पुस्तकातले लक्ष्मीराम मास्तर शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतात. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं ते शांततेचा खेळ घेतात आणि तो साफ फसतो. मुलं गोंगाट करतात, मास्तरांचा बेत कोसळतो. इथे गिजुभाईंचा मोठेपणा दिसतो. लक्ष्मीराम दोष मुलांना देत नाहीत. आपली योजनाच या मुलांना ओळखत नव्हती, हे त्यांना कळतं. दुसऱ्या दिवसापासून ते गोष्टी सांगू लागतात.

पण नाव विसरू नका, हे दिवास्वप्न आहे. अनुभवातून आलेलं असलं तरी ती कल्पित कथा आहे. वरिष्ठांची परवानगी आहे, मुदत एका वर्षाची आहे, आणि लेखक आपल्या नायकाच्या बाजूनं आहे. हे पुस्तक शिक्षकांच्या हाती देऊन 'लक्ष्मीराम व्हा' म्हणणं सोपं आहे. लक्ष्मीरामांना मिळाली ती मोकळीक मात्र आपण देत नाही. अशा वेळी पुस्तक प्रेरणा उरत नाही, त्याचं ओझं होतं.

'युगान्त'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान लागेल. १९६७ चं हे पुस्तक, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. संस्कृतीवरची बरीच पुस्तकं पूर्वजांना दोषमुक्त करण्यासाठी लिहिलेली असतात. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्या महाभारतातल्या माणसांना माणसं म्हणून जबाबदार धरतात. खांडववन जाळण्यात वीरता कोणती, हा प्रश्न त्या विचारतात. जळालेल्या प्राण्यांकडे आणि नागांकडे त्या बघायला लावतात. गांधारीवरच्या प्रकरणात त्या कल्पनेचा आधार घेतात, आणि डोळ्यांवरची पट्टी, जिला आपण पातिव्रत्य म्हणत आलो, तिच्यामागचा राग दाखवतात. कुठे कल्पना करतात, कुठे पुरावा देतात, हे वाचकानं वेगळं करत वाचावं. आपल्या संस्कृतीवर प्रेम करूनही तिच्याकडून उत्तर मागता येतं, हा धडा मात्र पक्का आहे.

शेवटी मनाच्या आरोग्याकडे येऊ. फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. ऑशविट्झसह अनेक छावण्यांमधून ते जिवंत परतले आणि १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. जगण्याला अर्थ असेल तर माणूस पुष्कळ सोसतो, हे त्यांचं म्हणणं आज पोस्टरांवर आणि प्रेरणादायी भाषणांत फिरतं. त्याचा गैरवापर होतो, म्हणून स्पष्ट बोलतो. दुःखी माणसाला 'फ्रँकल बघ, छावणीत टिकला, तुला काय झालं?' असं विचारणं क्रूर आहे. फ्रँकल स्वतः असं म्हणत नाहीत. टाळता येणारं दुःख असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण आहे, विनाकारण सोसण्यात शौर्य नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं आहे. जे परतले नाहीत, ते कमी प्रतीचे होते असंही ते मानत नाहीत, उलट सर्वांत चांगले परतलेच नाहीत असं म्हणतात. पोस्टरवर नेमकं हेच गळतं.

त्याला जोड म्हणून 'मुक्तांगणची गोष्ट'. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. या पुस्तकात एकटा वीर नाही. रोजची दिनचर्या आहे, गटात बोलणं आहे, बरे होऊन कार्यकर्ते झालेले रुग्णमित्र आहेत, घरच्यांना धरून चालणं आहे. 'मनाचा निर्धार कर' एवढं सांगून इथे कोणी मोकळं होत नाही. व्यसनी माणसाची जबाबदारी त्याच्यावर राहतेच, पण ती पेलायला चार हात लागतात, हे अवचट त्यांच्या साध्या भाषेत दाखवतात.

तर निष्कर्ष एवढाच. जे पुस्तक सगळा दोष वाचकाच्या पदरात टाकतं, त्याच्यापासून जपून राहावं, विशेषतः मन खचलेलं असताना. जे सगळा दोष दुसऱ्यावर ढकलतं, तेही आपल्याला दुबळं करतं. यातला वाटा नीट मोजायला शिकवणारं पुस्तक घरात ठेवण्यासारखं.

सहाही एकदम वाचायला कोणाला जमणार नाही, ठीक आहे. आमची सूचना अशी : आधी 'दिवास्वप्न' वाचा, ते लहान आहे, एका सुट्टीत होतं. लगेच त्यावर बार्बियानाचं पत्र घ्या. शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोन्ही बाजू त्यामुळे तुमच्यासमोर येतील, आणि तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या नापास मुलाशी काय बोलायचं, हे कदाचित थोडं वेगळं सुचेल.