सक्तीचा ‘वापर’ मोजून काय कळतं?

शाळांच्या संगणकीकृत प्रशासनावरचे प्रबंध वाचायला घेतलेत, तर एक साचा वारंवार दिसेल. शंभरेक मुख्याध्यापक, पाच बिंदूंची प्रश्नावली आणि निष्कर्ष: प्रणाली परिणामकारक आहे. चौकट बऱ्याचदा डिलोन आणि मॅक्लीन यांची, १९९२ ची. त्यात ‘वापर’ हा यशाचा एक घटक धरलाय.

इथेच गाडी अडते. २०१५ मध्ये आलेल्या ‘सरल’चंच घ्या. माहिती भरणं ऐच्छिक नाही. शाळेला किती शिक्षकपदं मिळणार, म्हणजे संचमान्यता, ती ऑनलाइन नोंदलेल्या पटावर ठरते. मग शाळा वापरणारच की! त्यातून प्रणाली चांगली आहे हे कसं सिद्ध झालं? सेडन यांनी १९९७ मध्येच ‘वापर’ या घटकावर बोट ठेवलं होतं. तो लेख आधी वाचा.

शिवाय विचारता कोणाला? सही मुख्याध्यापकांची, पण माहिती भरत बसतो वर्गशिक्षक नाहीतर लिपिक. आणि वरून आलेल्या प्रणालीबद्दल ‘असमाधानी’ असं अनोळखी संशोधकाला कोण लिहून देईल?

हा विषय घेणार असाल तर परवानगी काढून एका शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. वीस मुलांची नावं, जन्मतारखा पोर्टलशी ताडून बघा. फरक सापडला की तो कोणी, किती खेपांत दुरुस्त केला ते विचारा. दुरुस्ती शाळेतच होते, की गटशिक्षणाधिकारी कार्यालयात फेऱ्या माराव्या लागतात, हेही. प्रश्नावली त्यानंतर बनवा.