समुद्र केंद्राचा, तारेचं टोक राज्याचं: कोरपन्यातून वाचलेला समुद्री पवनऊर्जेचा कायदा



सुट्टीत गावाकडे आले की बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा होतोच. यावेळी एका काकांनी विचारलं, "पोरी, तुझी पीएचडी कशावर चालू आहे?" म्हटलं, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कायद्यावर. काका हसले. "कोरपन्यात बसून समुद्र? इथं पाणी म्हणजे अमलनाल्याचं धरण. समुद्राचं काय करून राहिली तू?"

प्रश्न रास्त आहे. आपल्यापासून मुंबईचा समुद्र आठ-नऊशे किलोमीटर लांब. पण हा कायदा मी पहिल्यांदा नीट वाचला, तेव्हा त्यात मला जे दिसलं नाही, ते फक्त आपल्याकडच्या माणसालाच चटकन खटकेल असं वाटलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. समुद्राच्या तळावर खांब उभारून त्यावर पवनचक्क्या बसवायच्या, वीज केबलनं किनाऱ्यावर आणायची, याला आपण समुद्री पवनऊर्जा म्हणू. केंद्रानं त्यासाठी २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरण आणलं. १९ डिसेंबर २०२३ ला भाडेपट्ट्याचे नियम आले. ते १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयानं काढले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली: गुजरातच्या समुद्रात ५०० मेगावॉट, तमिळनाडूच्या समुद्रात ५००. महाराष्ट्राचं नाव यात नाही, कारण केंद्रानं ज्या पट्ट्यांचा अभ्यास केला ते याच दोन राज्यांसमोरचे आहेत.

आता नियमांकडे या. मजकूर म्हणून ते नीटनेटके आहेत. आधी मोजमापासाठी तीन वर्षांचा पट्टा, मग उभारणी आणि वीजनिर्मितीसाठी ३५ वर्षांचा. कोणी अर्ज करायचा, कधी काम सुरू करायचं, शेवटी सांगाडा कोणी काढायचा, सगळं आहे. संरक्षण, गृह, पर्यावरण, जहाजवाहतूक अशा मंत्रालयांच्या परवानग्यांची रांगही आहे. म्हणजे 'कोणाला विचारायचं' हा प्रश्न सरकारला पडला होता. उत्तर मात्र दिल्लीतल्या दिल्लीत संपतं. ज्या पाण्यात कोणी पिढ्यान् पिढ्या जाळं टाकतं, त्या गावाची संमती ही पायरीच नाही.

इथं मला कोरपना आठवतं. आपला तालुका जुन्या राजुऱ्यातून निघालेला, काही गावं अनुसूचित क्षेत्रात. चुनखडी आणि सिमेंट म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. मी शाळेत असताना बाबांसोबत एका खाणीच्या जनसुनावणीला गेले होते. मंडप, खुर्च्या, आणि समोर जाड इंग्रजी अहवाल. एक कोलाम आजोबा उठले आणि एवढंच म्हणाले, "आमचा देव त्या टेकडीवर आहे, त्याला विचारलं का?" लोक हसले. पण अधिकाऱ्याला ते वाक्य लिहून घ्यावं लागलं, कारण कायद्यानं ती सुनावणी बंधनकारक होती.

समुद्रात हे एवढंही नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पच नाहीत. २०१५ च्या धोरणात पर्यावरण अभ्यासाची अट आहे, पण त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी पवनचक्कीला लागत नाही. जमिनीवरच्या छोट्या पवनचक्कीसाठी ही सूट समजू शकते. समुद्राच्या कितीतरी चौरस किलोमीटरांना ३५ वर्षांसाठी तीच सूट लागू करणं मला पटत नाही.

जमिनीवर निदान शब्द तरी आहेत. १९९६ चा पेसा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याखाली शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, कागदावरचं काय सांगता? इथं ग्रामसभेचे ठराव कसे होतात ते आम्हाला माहीत आहे." मलाही माहीत आहे. वर २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची अट सैल केली. पण हक्क मोडला जातो हे म्हणायलासुद्धा आधी हक्क लिहिलेला असावा लागतो. मेंढ्याकडे तो लिहिलेला होता. कोळीवाड्याकडे नाही.

नाही म्हणजे काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. किनारी रस्त्याच्या वरळीकडच्या पुलाखाली दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. वादळात एवढ्या फटीतून बोट काढणं धोक्याचं, असं वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार सांगत होते. त्यांना काम अडवावं लागलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर अंतर मान्य झालं. म्हणजे बदल शक्य होता. फक्त तो आराखड्याच्या वेळी विचारून झाला नाही, काम सुरू झाल्यावर भांडून झाला. पवनचक्क्यांच्या शेतात असे खांब डझनावारी असतात.

मग राज्यानं काय करायचं? नेहमीचं उत्तर, "समुद्र केंद्राचा, आमच्या हातात काही नाही." राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्राखालची संपत्ती केंद्राची, हे खरं. पण सातवी अनुसूची उघडा. बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या सूचीत आहे, वीज समवर्ती सूचीत. शिवाय केबल कुठेतरी किनाऱ्यावर येणारच. तिथली जमीन, उपकेंद्र, छोटी बंदरं हे बरंचसं राज्याच्या हातात. आणि वीज महावितरणनं घ्यायची असेल तर दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे येणार.

अमेरिकेतल्या राज्यांनी हेच टोक धरलं. तिथंही खोल समुद्र केंद्राचा. मॅसॅच्युसेट्सनं २०१६ मध्ये कायदा करून वीज कंपन्यांना १,६०० मेगावॉट समुद्री पवनवीज घेण्याच्या मार्गाला लावलं. समुद्राचा तळ राज्याचा नव्हता, गिऱ्हाईक राज्याचं होतं. मेन राज्यानं २०२१ मध्ये लॉबस्टर पकडणाऱ्यांसाठी स्वतःच्या हद्दीतल्या पाण्यात नवे पवन प्रकल्प बंद केले. ऱ्होड आयलंडनं २०१० मध्ये समुद्राचा आराखडा करून मच्छीमारांचं सल्लागार मंडळ नेमलं. पण २०२३ मध्ये त्या मंडळाच्या सदस्यांनी सामूहिक राजीनामे दिले, कारण सल्ला घेतला जात होता, ऐकला जात नव्हता. हा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसता सल्ला पुरत नाही. पेसातला 'सल्लामसलत' हा शब्द आपल्याकडे कसा वापरला जातो ते आठवा.

माझं म्हणणं असं. महाराष्ट्राकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. तो बोटी आणि जाळी मोजतो. त्यातच दुरुस्ती करून कोळीवाड्यांची पारंपरिक मासेमारीची क्षेत्रं नकाशावर नोंदवावीत. आणि केबल किनाऱ्यावर आणण्याची परवानगी देताना त्या गावांच्या सभेची संमती अट म्हणून घालावी. केंद्राच्या नियमांना हात न लावता हे करण्याचा मार्ग शोधता येईल, असा माझा युक्तिवाद आहे. प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे, इथं सार देतेय.

"आपल्या समुद्रात अजून एक पातं नाही, आत्ताच कायदा कशाला?" खांब उभा राहण्याआधी अंतर ठरवणं सोपं असतं म्हणून. वरळीनं ते दाखवलंय.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. गावागावाची संमती घेत बसलो तर स्वच्छ वीज येणार कधी? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. २००९ च्या केंद्रीय यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित ठिकाणांमध्ये होतं. माझ्या आईचा दमा त्याच हवेतला. समुद्रातला वारा उद्या येत असेल तर मला तो आजच हवा आहे. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही.

एवढंच सांगू शकते की आपल्या जिल्ह्यातला कोळसासुद्धा 'देशाला वीज हवी' म्हणूनच, न विचारता निघाला. तेव्हाही घाई खरीच होती. तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरात मी वाढले. तीच घाई आता दुसऱ्या कोणाच्या दारात न्यायची, तर त्यांना विचारायची पद्धत तरी आपल्यापेक्षा बरी असावी.

टपरीवर हे सगळं सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे त्या कोळ्यांचंही आपल्यासारखंच." हो काका, तेवढंच.

पुढच्या पोस्टमध्ये १९८१ च्या कायद्यातली कलमं एकेक करून पाहू. किनाऱ्यावरचं कोणी वाचत असेल तर तुमच्या गावात मासेमारीच्या जागांना काय नावं आहेत, ते नक्की कळवा. नकाशाची सुरुवात तिथूनच करायची आहे.