पुढच्या सिनेमाची जाहिरात

फसलेल्या सुपरहिरो चित्रपटाची किंमत बहुतेक वेळा त्याच्यानंतर येणारा चित्रपट मोजतो. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (2016) जगभरात 87 कोटी डॉलर मिळवून गेला. रूढ अर्थाने तो पडलाच नाही. मात्र अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 16.6 कोटी जमवणाऱ्या या चित्रपटाची कमाई दुसऱ्या शनिवार-रविवारपर्यंत 69 टक्क्यांनी घसरली. पहिली गर्दी दोन जुन्या नावांवरच्या विश्वासाची होती आणि तो विश्वास तिथेच खर्ची पडला. पुढच्या वर्षी सगळे नायक एकत्र आणूनही 'जस्टिस लीग'ला पहिल्या तीन दिवसांत साडेनऊ कोटीही गाठता आले नाहीत.

दोष कुठे होता, हे 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या एका दृश्यात दिसते. शेवटची लढाई तोंडावर आलेली असताना कथा थांबते आणि डायना, म्हणजे वंडर वुमन, संगणकावर एकेक फाइल उघडत बसते. फ्लॅश, ॲक्वामॅन, सायबॉर्ग. प्रत्येकाच्या फाइलीवर त्याचे बोधचिन्हही तयार. प्रेक्षकाने तिकीट काढले एका चित्रपटाचे, आणि त्याला दाखवल्या गेल्या पुढच्या तीन चित्रपटांच्या जाहिराती. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन 2'ने (2014) खलनायकांच्या टोळीची अशीच जाहिरात केली होती. ती टोळी पडद्यावर येण्याआधीच सोनीला मार्व्हलशी हातमिळवणी करावी लागली. 'बॅटमॅन अँड रॉबिन' (1997) तर खेळण्यांचे दुकानच. त्यापायी बॅटमॅन आठ वर्षे पडद्याबाहेर राहिला, एवढे नोंदवले की पुरे.

याच पडझडीत पॅटी जेन्किन्सचा 'वंडर वुमन' (2017) उभा राहिला, तो स्वतःच्या कथेवर. पहिल्या महायुद्धातील खंदक, महिनोन्महिने एक इंचही पुढे न सरकलेले सैनिक, आणि सगळे नको म्हणत असताना अंगावरचा झगा टाकून शिडी चढणारी डायना. पहिली गोळी ती मनगटावरच्या कड्यावर झेलते, मग ढाल पुढे करून मशीनगनचा मारा अंगावर घेते आणि मागचे सैनिक खंदकाबाहेर पडतात. हे दृश्य समजायला आधीचा एकही चित्रपट पाहिलेला असावा लागत नाही. अमेरिकेतील त्याची एकूण कमाई पहिल्या तीन दिवसांच्या चौपट झाली. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची जेमतेम दुप्पट.

प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळला, हे स्टुडिओंचे आवडते स्पष्टीकरण म्हणूनच पटण्यासारखे नाही. 2023 मध्ये एकाच मार्व्हलच्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी 3'ला 84 कोटी मिळाले आणि 'द मार्व्हल्स'ला 21 कोटीही नाहीत. गार्डियन्सने आपल्यातल्याच रॉकेटच्या छळाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. 'द मार्व्हल्स'च्या तीन नायिकांपैकी दोघींची ओळख आधीच्या मालिकांत झालेली. त्या न पाहिलेल्याने काय करायचे? चार वर्षांपूर्वी 113 कोटी कमावणाऱ्या 'कॅप्टन मार्व्हल'चा प्रेक्षक कुठे पळून गेला नव्हता. त्याच्यावर गृहपाठ लादला गेला आणि त्याने तो नाकारला. दोष त्याचा नाही.

जाहिरातीवर चालणाऱ्या मालिकेला निदान दिलेला शब्द तरी पाळावा लागतो. 'ब्लॅक ॲडम'च्या (ऑक्टोबर 2022) शेवटी हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन धुरातून चालत आला आणि चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर सरण्याआधी कॅव्हिललाच जाहीर करावे लागले की तो परत येणार नाही. पुढच्या वर्षी या सुपरमॅनच्याच जुन्या चित्रपट-जगातला 'द फ्लॅश' आला, तेव्हा ते जग गुंडाळले जाणार हे प्रेक्षकांना ठाऊक होते. तो चित्रपट पाहायला त्यांनी का जावे, याचे उत्तर स्टुडिओकडे उरले नव्हते.