धानाची निवड आणि श्रेयाची नोंद : 'एचएमटी' वाणावरील चर्चेची चिकित्सा

घाटकोपर किंवा मुलुंडच्या किराणा दुकानात 'एचएमटी कोलम' या नावाने बारीक तांदूळ मिळतो. हे नाव मूळचे मनगटी घड्याळाचे. तांदळाला ते मिळाले चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या वाणामुळे, याची जाणीव ग्राहकास क्वचितच असते. १९८३ मध्ये 'पटेल-३' या धानाच्या (कोकणात आपण भात म्हणतो) उभ्या पिकात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी निराळे ठेवले, निराळे पेरले आणि अनेक हंगाम पारखले.

दादाजींवरील बहुतेक लेखनाचा सूर करुणेचा आहे. अल्पशिक्षित शेतकरी, निसर्गाचे दान, २००५ चा राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार, अखेरचे दारिद्र्य आणि ३ जून २०१८ रोजीचा मृत्यू असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप असा की, या सुरात त्यांची पद्धती झाकली जाते.

धान हे प्रामुख्याने स्वपरागित पीक आहे. त्यात आढळणारी वेगळी लोंबी उत्परिवर्तनाची, नैसर्गिक संकराची अथवा केवळ बीजमिश्रणाची असू शकते. संकराची असल्यास पुढील पिढ्यांत गुणांचे विभाजन होते. भेसळीची रोपे दरवर्षी उपटून काढल्याशिवाय वाण स्थिर होत नाही. योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरील प्रयोगांतून मांडलेल्या शुद्ध वंशक्रमाच्या सिद्धांताचा पायाही हाच. दादाजींना ती परिभाषा अवगत नसेल. कृती मात्र तीच होती.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केला. मूळ बियाणे शुद्ध करून हा वाण सिद्ध केला, ही विद्यापीठाची भूमिका. बहुस्थानीय चाचण्या व प्रमाणित बीजोत्पादन ही कामे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असतात, हे मान्यच करावे लागेल. परंतु शुद्धीकरण म्हणजे निवडीचीच पुढची पायरी होय. पहिल्या पायरीला योगायोग आणि दुसरीला संशोधन म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. नावातील 'एचएमटी' कायम राहिले, दादाजींचे नाव मात्र त्यात आले नाही.

जपानमधील साके या मद्याच्या तांदळाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. या तांदळाचा दाणा टपोरा असतो, मध्यभागी पिठूळ पांढरा गाभा असतो आणि प्रथिने कमी असावी लागतात. उंची साकेसाठी तर दाण्याचा निम्मा वा त्याहून अधिक भाग घासून काढला जातो. १९२३ च्या संकरातून निर्माण होऊन १९३६ मध्ये नाव मिळालेला 'यामादा निशिकी' हा ह्योगो प्रांताच्या शासकीय प्रयोगक्षेत्राचा वाण. त्याहून जुना 'ओमाची' मात्र १८५९ मध्ये किशिमोतो जिंझो या शेतकऱ्याने वाटेवरच्या शेतात दिसलेल्या दोन वेगळ्या लोंब्यांपासून वाढविला. तेथील साकेविषयक लेखनात आजही त्याचे नाव घेतले जाते. लोंब्यांचा हा प्रसंग नांदेडच्या प्रसंगाशी किती मिळताजुळता आहे!

भारतात २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने नवा वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्यास पैदासकारासारखाच नोंदणीचा हक्क दिला. 'मूलतः व्युत्पन्न वाण' ही संकल्पनाही त्यात आहे. मूळ वाण कोणाचा, हा प्रश्न तीमुळे कायद्याच्या कक्षेत येतो. १९९८ चा वाण मात्र त्याआधीच शेतांत पोहोचला होता.