कूपरेजवरचे विसरलेले गडी

चकली खुसखुशीत झाली की आपण भाजणीची तारीफ करतो, तळणाऱ्या हाताची करतो. पिठात घातलेल्या मोहनाचे नाव मात्र कोणी काढीत नाही. मोहन डोळ्यांना दिसत नाही, एवढाच त्याचा अपराध. खेळाच्या बाबतीतही आपली रसिकता याच मापाची आहे. गोल कोणी मारला हे आपण विचारतो. तो गोल शक्य कोणी केला, हे विचारीत नाही. आणि पुढे पुढे तर गोल मारणाराही आपल्या लक्षात राहत नाही!

मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबातून वेगवेगळ्या वर्षी खेळलेल्या तीन गड्यांचा विचार मी या दृष्टीने करणार आहे: नेव्हिल डिसूझा, फॉर्च्युनॅटो फ्रँको आणि एस. एस. नारायण. मी काही क्रीडातज्ज्ञ नव्हे. सावेडीत राहतो, शाळेत मुले शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या तिघांपैकी कोणाचाही खेळ मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझा जन्मच पुढचा. परंतु माझे एक चुलत आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि पाळी सुटली की कूपरेजची वाट धरीत. त्यांची सामना सांगण्याची एक रीत होती. ते कधी गोलापासून सुरुवात करीत नसत. चेंडू कोणी अडवला, कोणाला दिला, कोण मोकळा पळाला, असे करीत करीत गोल शेवटी एका वाक्यात. टीकेची याहून चांगली पद्धत मला पुस्तकांतही फारशी आढळली नाही.

प्रथम नेव्हिल. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. काही क्षण भारत पुढे होता! मग युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरवले. तरीही त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत, चार गोलांसह, नेव्हिलचे नाव आहे. तो १९८० साली वारला, पन्नाशी गाठण्याआधीच. एवढा मोठा पराक्रम, आणि आज आपल्याकडे उरले आहे ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले एक वाक्य.

फ्रँकोचे तर ते एक वाक्यही नाही. गोव्यातील कोलवाळचा हा मुलगा मुंबईत वाढला. तो मधल्या फळीतला गडी, हाफ. हाफचे काम गिरणीतल्या जॉबरासारखे: दोन्हीकडून शिव्या खायच्या आणि साचे बंद पडू द्यायचे नाहीत. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. प्रेक्षकांचा रोष अंगावर घेत मधली फळी सांभाळणाऱ्यांत फ्रँको होता. आजोबांच्या रीतीने हा सामना सांगायचा तर फ्रँकोवाचून त्याची सुरुवातच करता येणार नाही. परंतु आपण तो शेवटाकडून सांगतो.

तिसरा नारायण. ओट्टपालमचा जन्म, माटुंग्याच्या मैदानांवर तयार झालेला गोलरक्षक. मेलबर्न आणि रोम अशा दोन्ही ऑलिंपिक संघांत त्याची निवड झाली. बास्केटबॉलमध्येही तो राज्याकडून खेळला. गोलरक्षकाचे नशीब मोठे चमत्कारिक. त्याने अडवलेल्या चेंडूंची नोंद राहत नाही, सुटलेल्यांची राहते. फ्रँको आणि नारायण दोघेही २०२१ साली, महामारीच्या दिवसांत, काही महिन्यांच्या अंतराने गेले. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. पुष्कळांना ही माणसे होऊन गेली हे ती गेल्यावरच कळले.

असे का व्हावे? मुंबईला फुटबॉलचे वावडे होते म्हणावे, तर रोव्हर्स कप १८९१ पासून इथलाच. गुणांची वाण होती म्हणावे, तर ऑलिंपिकचे आकडे समोर आहेत. माझ्या मते कारण निराळे आहे. कलकत्त्यात मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल हा घराण्याचा वारसा असतो. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम काय, खंडोबा तालीम काय, हे पेठेचे संघ आहेत. आजोबाने पाहिलेला गोल नातू शपथेवर सांगतो. मुंबईचे संघ होते कंपन्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल. कंपनीने नोकरी दिली, पोटाची ददात मिटवली, हे तिचे उपकार मोठेच. पण कंपनीला पेठ नसते. संघ मोडला की कागद कपाटात जातात, आणि आठवण सांगायला कट्टा उरत नाही.

सरकारी मानाचेही तेच. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. पहिल्या सात वर्षांत बॅनर्जी, बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसूफ खान, थंगराज अशा फुटबॉलपटूंना तो मिळाला. यांतला एकही कमअस्सल नव्हता. पण आमच्या तिघांपैकी कोणालाही तो त्या वर्षांत मिळाला नाही, पुढेही नाही. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना घराघरांत पोचवले, हे पुण्याचेच काम. परंतु चित्रपटाला एकच नायक परवडतो. एकाला उजेडात आणायचे तर बाकीच्यांना सावलीत उभे करावे लागते, आणि अकरा जणांचा खेळ पुन्हा एकाचा होतो.

इथे आम्हा लिहिणाऱ्यांकडेही बोट दाखवले पाहिजे. क्रिकेटपटू विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून ठेवले, म्हणून तो काळ आज आपल्याला हाताला लागतो. फुटबॉलच्या वाट्याला मराठी लेखणी फार थोडी आली. आमच्या जिल्ह्यात श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट पोराटोरांना पाठ आहे, आणि असावीच. पण शाळेत संघ निवडताना प्रत्येक पोराला पुढे खेळायचे असते. हाफ व्हायला कोणी तयार नसतो. त्यात पोरांचा काय दोष? हाफची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरी जमलेल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा: तुमच्या वेळच्या संघात चेंडू कोण देत असे? गोल कोणी मारला ते नंतर विचारू. उत्तर मिळेल ते वहीत उतरून ठेवा, नावासकट. पेठ नसलेल्या संघांना आता वहीखेरीज दुसरी पेठ नाही.