पुनर्वसन की देणे? ‘चौंडकं’ व ‘झुलवा’ ह्यांच्या निमित्ताने

धर्माच्या नावाने ज्या स्त्रियांचे आयुष्य नासले, त्यांच्या बाबतीत शासनाने काय करावे, ह्या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. एक, त्यांना मदत द्यावी. दुसरे, त्यांचे देणे फेडावे. पहिल्या उत्तरात शासन दाता ठरते, दुसऱ्यात ऋणको. देवदासींच्या संदर्भात महाराष्ट्रात आजवर पहिलेच उत्तर ग्राह्य मानले गेले, आणि आमच्या कादंबरीसमीक्षेनेही नकळत त्याचीच पाठराखण केली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तुलनेसाठी आयर्लंडचे उदाहरण घेऊ. तेथे कॅथॉलिक धर्मभगिनींच्या चार संघांनी चालविलेल्या ‘मॅग्डालेन’ धुलाईगृहांत १९२२ ते १९९६ ह्या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया व मुली कोंडल्या गेल्या आणि वेतनावाचून राबविल्या गेल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये मॅकअलीस समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या प्रवेशांचा मार्ग नोंदींवरून कळतो, त्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक प्रवेशांत शासनाचा हात होता, असे त्यात दाखविले आहे. त्याच महिन्याच्या १९ तारखेस पंतप्रधान एंडा केनी ह्यांनी संसदेत क्षमा मागितली. पुढे न्यायाधीश क्वर्क ह्यांच्या शिफारशीनुसार, गृहातील वास्तव्याच्या मुदतीप्रमाणे, ११,५०० पासून १,००,००० युरोपर्यंत रकमा ठरल्या. ही योजना निर्दोष होती असे मुळीच नाही. रक्कम घेणारीस शासनाविरुद्ध दावा न करण्याचे लिहून द्यावे लागे, आणि धर्मसंघांनी तर निधीत वाटा उचलण्याचेच नाकारले. तरीही शासनाने तेथे ‘आम्ही तुमचे अपराधी आहो’ ह्या भूमिकेवरून बोलणे केले, ही गोष्ट उरतेच.

आमच्याकडे भिंतींचे गृह नाही. म्हणूनच आमचा प्रश्न अधिक अवघड आहे. यल्लम्माची जोगतीण किंवा खंडोबाची मुरळी कोणा एका मठात कोंडलेली नसते. ती गावातच असते, परडी घेऊन जोगवा मागते, मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीबरोबर बांगड्या फोडते आणि माघातल्या अहेव पुनवेला त्या पुन्हा भरते. कोंडणारी भिंत पंचांगात असते, भीतीत असते आणि घरच्या दारिद्र्यात असते. अशा संस्थेचा चालक कोण, हे बोट दाखवून सांगता येत नाही. आणि चालक सापडत नाही म्हणून अपराधीही कोणी नाही, असा सोयीचा निष्कर्ष निघतो.

राजन गवस ह्यांच्या ‘चौंडकं’चे (१९८५) मोल मला येथे दिसते. सुली नावाच्या मुलीच्या केसांत जट येते. ती देवीची हाक ठरते. आणि मुलगी देवीला सोडली जाते. कथानक म्हणून सांगायचे तर एवढेच. परंतु जट हा रोग नसून आज्ञा आहे, असे एकदा गावाने ठरविले की त्यापुढचे प्रत्येक पाऊल प्रत्येकाला अपरिहार्य वाटू लागते, ही प्रक्रिया कादंबरीने पकडली आहे. कायदा अर्पणाचा विधी पाहतो. कादंबरी त्या विधीच्या आधीची आणि नंतरची वर्षे पाहते. हा फरक केवळ दृष्टिकोनाचा नव्हे, पुराव्याचा आहे. विधी एका दिवसात उरकतो. हानी मात्र आयुष्यभर चालते, आणि भरपाईचा हिशेब मांडायचा तर तो त्या आयुष्याचाच मांडावा लागेल.

उत्तम बंडू तुपे ह्यांच्या ‘झुलवा’कडे पाहताना मन थोडे साशंक होते. दोष कादंबरीचा नाही. जोगतिणीचा पुरुषाशी देवाच्या साक्षीने जुळणारा, पण लग्नाचे कोणतेही हक्क न देणारा संबंध त्यांनी ज्या जवळिकीने लिहिला, तसा पूर्वी कोणी लिहिला नव्हता. परंतु वामन केंद्रे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ती रंगभूमीवर आली आणि चौंडक्याचा ताल, भंडाऱ्याची उधळण, जोगत्यांचे नृत्य ह्यांनी प्रेक्षक भारावले. लोककलेचे वैभव म्हणून आपण ज्याचे कौतुक केले, ते एका अन्यायाचे उपकरणही होते, हे आमच्या समीक्षेने फारसे ठणकावून सांगितले नाही. ‘बोलीची समृद्धी’ आणि ‘अनुभवाची अस्सलता’ ह्या दोन शब्दांत आम्ही दोन्ही कादंबऱ्या वर्गात बसवून टाकल्या. अनुभव अस्सल आहे हे ठरल्यावर त्या अनुभवाचे उत्तरदायित्व कोणाचे, हा पुढचा प्रश्न साहित्याबाहेरचा मानला गेला.

तो साहित्याबाहेरचा नाही, ह्याचा पुरावा ह्या कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा आहे. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सोमवंशीय मित्र’ ह्या आपल्या पत्रातून मुरळ्यांना आवाहन केले आणि शिवूबाई नावाच्या मुरळीने त्यास पत्राने उत्तर दिले. त्या पत्राकडे आपण समाजसुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. मला ते साक्षीपत्र वाटते. येथे वर्णिली गेलेली स्त्री स्वतःच वर्णन करणारी झाली आहे. आणि साक्षीदाराचा दर्जा मिळाल्याखेरीज देण्याची मागणी करता येत नाही.

शासनाने ही साक्ष कशी ऐकली? १८८० साली मथुरा नायकिणीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नायकिणींमधील दत्तकप्रथा अमान्य केली. हेतू अनीतीस पाठबळ न देण्याचा होता. पण निकालाचा भार पडला तो बाईवर, देवळावर नाही. १९४७ च्या मद्रास कायद्याने तर अर्पिल्या गेलेल्या स्त्रीचाही शिक्षापात्र व्यक्तींत समावेश केला. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. परंतु महाराष्ट्राच्या आजच्या नकाशावर तो पसरून पाहू नये. सिंदखेडराजाजवळचे दुसरबीड घ्या. १९३४ साली हे गाव वऱ्हाडात, म्हणजे मध्य प्रांताच्या कारभारात होते; शेजारच्या जालन्याकडे निजामाचे राज्य होते; मुंबईचा कायदा ह्या दोहोंपैकी कोठेच पोहोचत नव्हता. उलट दक्षिणेस १९५६ मध्ये सौंदत्ती म्हैसूर राज्यात गेली आणि गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले. देवी एका राज्यात, मुलगी दुसऱ्या राज्यातली. मग अपराध कोठे घडला आणि देणे कोणाचे? देवीच्या यात्रेने सरहद्द कधी पाळली नाही, शासनाच्या जबाबदारीने मात्र ती काटेकोरपणे पाळली.

१९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली आणि पुनर्वसनाची मागणी संघटितपणे पुढे आली. निर्वाहासाठी अनुदान, लग्नास साहाय्य, मुलांच्या शिक्षणास मदत अशा योजना त्यानंतरच्या. २००५ चा महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा सबंध राज्यास लागू झाला. ह्यांतील कोणत्याही गोष्टीचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. ज्या वृद्धेला दरमहा काही रक्कम मिळते तिला शब्दच्छल नको असतो. पण ‘निर्मूलन’ आणि ‘पुनर्वसन’ ह्या दोन्ही शब्दांत एक सोय दडलेली आहे. निर्मूलन प्रथेचे होते, पुनर्वसन स्त्रीचे होते, आणि ह्या दोन क्रियांमध्ये ज्याने प्रथा चालू दिली तो कर्ता वाक्यातून गळतो.

शिवाय अनुदानासाठी ‘मी देवदासी आहे’ हे सिद्ध करावे लागते. बंदीनंतर सोडलेल्या मुलीच्या बाबतीत हे सिद्ध करणे म्हणजे आपल्याच आईबापांनी गुन्हा केला, असे लिहून देणे होय. आयर्लंडमध्ये पुराव्याची अडचण वेगळ्या रूपाने आली. तेथील लोकपालाने २०१७ च्या अहवालात दाखवून दिले की, पात्रता ठरविताना धर्मसंघांच्या नोंदींस अवाजवी वजन दिले गेले आणि धुलाईगृहात राबलेल्या, परंतु लगतच्या संस्थेत राहणाऱ्या स्त्रिया वगळल्या गेल्या. तेथे नोंदवही अन्याय करणाऱ्याच्या कपाटात होती. येथे नोंदवहीच नाही. दोन्हीकडे बाईचा शब्द पुरेसा मानला गेला नाही.

मराठी विभागांना ह्या बाबतीत करता येण्याजोगे एक काम आहे. आयर्लंडमध्ये विद्यापीठीय संशोधकांनी ह्या स्त्रियांच्या मौखिक साक्षी नोंदवून ठेवल्या. गडहिंग्लज, चंदगड, जत ह्या पट्ट्यात आमच्या विद्यार्थ्यांनी जोगतिणींची गाणी पुष्कळ गोळा केली आहेत. त्यांच्या साक्षी त्या मानाने फार थोड्या. गाणे मागावयास गेलेल्याने दुसऱ्या भेटीत हिशेब मागावा. जोगव्यात काय मिळाले, त्यातले कोणी घेतले, यात्रेचा खर्च कोणी केला, घर कोणाच्या नावावर होते, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी काय लिहिले, हे तिच्याच बोलीत, तिच्याच क्रमाने, तिला मान्य असेल तेवढेच उतरवून घ्यावे. विधी केव्हा आणि कोठे झाला, हा प्रश्न शेवटी ठेवावा. नाहीतर पहिल्याच वाक्यास ती गप्प होईल.